डिसेंबरात भीमगडचं रान बघायला जायचं काय?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत मस्कतहून आम्ही चार घरं बेळगावला येतोय, पोरांसकट १४ माणसं. पोरांनी जंगल फक्त टीव्हीवर बघितलंय, म्हणून एक दिवस भीमगडला न्यायचं म्हणतोय. धनेश, गवे आणि ती वटवाघळांची गुहा दाखवायचीय. मिनीबस करू काय? गाईड कुठं बघायचा? खानापूरचे काका सांगतील तर बरं.

---

ताई,
येताय म्हणून लई बरं वाटलं, पण १४ जण एकदम नको बघा. हे सदाहरित रान आहे, वर पानं इतकी दाट की जनावर दिसायच्या आधी ऐकू येतं, आणि एवढ्यांच्या पायाखाली वाळका पाला वाजायला लागला की तेही ऐकू येत नाही. दोन गट करा, दोन वेगळे दिवस घ्या. वनखात्याची परवानगी आधी काढायची, २०११ पासून अभयारण्य आहे ते, आणि गाईड तिथल्याच गावातला घ्या, कुठला उंबर पिकलाय ते त्यालाच माहीत असतंय. तसल्या झाडाखाली उजाडायच्या आत जाऊन गप बसायचं, बास. महाधनेश आला की पंखांचा आवाज लोहाराचा भाता चालल्यासारखा येतोय, पोरं आपोआप वर बघतील. शेकरू पण त्याच झाडावर येतं. गवा दिसला तर जाग्यावर थांबायचं, फोटोसाठी पुढं सरकायचं नाही.

गुहेचं मात्र मनातनं काढा. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतंय, १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं आणि पुढं कितीतरी वर्षं जगात ही एकच जागा माहीत होती, मेघालयात नि कंबोडियात सापडलं ते फार नंतर. माणसं टॉर्च घेऊन आत शिरली की ती बिथरतात, पिल्लं असतील तर खाली पडतात. एकदा एका ग्रुपला मी गुहेच्या तोंडापर्यंत नेलं होतं, आत कालवा झाला आणि वटवाघळं भर दुपारी बाहेर पडली, तेव्हापासनं मी कुणालाच नेत नाही. पोरांना गोष्ट सांगा, तेवढं पुरे.

आणि म्हादईचं पाणी दाखवा. ती याच रानात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होते, पोरं पणजीला गेली की ओळखतील. डिसेंबरात जळवांचा त्रास फार नसतोय, तरी लांब मोजे आणा, भडक कपडे नकोत.

---

काका,
गुहा रद्द. सात-सात जणांचे दोन गट करतो, मिनीबस खानापूरपर्यंतच आणि पुढं जीप. सासूबाईंना रानात चालवणार नाही, त्यांना कणकुंबीला माउलीच्या देवळात नेऊ, मलप्रभेचा उगम पण बघून होईल. धाकटा विचारतोय, उजाडायच्या आत म्हणजे किती वाजता उठायचं? परवानगीला कुणाची कसली कागदपत्रं लागतात ते कळवा, या आठवड्यात पाठवते.