गिलोटिनकडे गात गेलेल्या नन्स, भीती वाटलीच नसेल का?

रानपाखरू:
काल एका फ्रेंच ऑपेराचा शेवट बघितला, नन्स गात गात गिलोटिनकडे (मुंडकं उडवायचं यंत्र) जातात आणि एकेक आवाज कमी होत जातो. शोधलं तर खरंच घडलंय, पॅरिस, १७ जुलै १७९४, फ्रेंच क्रांतीचा काळ, कोंपिएन्य गावच्या कार्मेल मठातल्या १६ जणी. पण भीती वाटलीच नाही का कुणाला? की मागाहून लिहिणाऱ्यांनी तेवढं गाळलं? आणि ऑपेरातली ती घाबरट नन ब्लांश खरी होती का?

वसईवाला:
ब्लांश काल्पनिक. भीती मात्र खरी, आणि कुणी लपवलेली पण नाही. १७९२ मध्ये मठाच्या प्रमुख मदर लिदवान म्हणाल्या की फ्रान्समध्ये शांती यावी म्हणून आपण आपला जीव देवाला अर्पण करू, तर सगळ्यात म्हाताऱ्या दोघी सिस्टरच नको म्हणाल्या, गिलोटिनचं नाव काढलं तरी अंगावर काटा. संध्याकाळी त्याच रडत आल्या, माफी मागितली, आणि मग ते अर्पण रोज, शेवटपर्यंत. अटकेच्या वेळी बाहेर असल्यामुळे वाचलेल्या एका सिस्टरने हे लिहून ठेवलंय. मला तर बाकीच्यांपेक्षा या दोघीच जवळच्या वाटतात. त्यातल्या एकीला, वय ७८, कुबडीवर चालणारी, हात बांधलेले, पॅरिसच्या तुरुंगापाशी गाडीतून उतरता येईना म्हणून सरळ खाली फेकलं, आणि ती बाई फेकणाऱ्यालाच म्हणते की माझा तुझ्यावर राग नाही!

तिरपागडा:
हे सगळं ठीक आहे हो, पण तेव्हाचं चर्च राजाच्या मांडीवर बसलेलं, लोकांचा राग काय आभाळातून पडला नव्हता.

वसईवाला:
@तिरपागडा राग मान्य. पण म्हाताऱ्या बायका प्रार्थना करतात म्हणून मुंडकी उडवायची? खटल्यात 'फॅनॅटिक' (धर्मवेड्या) म्हटलं तेव्हा सिस्टर ऑंरिएतनी सरकारी वकिलालाच विचारलं, म्हणजे नक्की काय ते सांगा. तो म्हणाला, तुमच्या त्या पोरकट समजुती. झालं, त्या बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या की बघा, आपण धर्मासाठीच मरतोय. आणि दहा दिवसांनी क्रांती सरकारचा म्होरक्या रोबेस्पिएर, त्याचीच सत्ता गेली.

कोकणची_माई:
मला ती कॉन्स्तान्स आठवते. नवीन व्रत घ्यायला क्रांतीने बंदी घातली म्हणून बिचारी वर्षानुवर्षं नोव्हिसच (व्रत न घेतलेली शिकाऊ नन) राहिली, घरचे न्यायला आले तरी गेली नाही. सगळ्यात धाकटी, आणि पहिला नंबर तिचाच. मदरची परवानगी घेतली आणि स्तोत्र म्हणत वर चढली.

रानपाखरू:
आणि मदर?

कोकणची_माई:
शेवटी. त्यांनी तसं मागूनच घेतलं होतं.

वसईवाला:
डिसेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिसनी सोळाही जणींना संत घोषित केलंय. ऑपेराची लिंक टाक ना.