समलिंगी खेळाडूने संघाला खरे सांगितले, तर प्रशिक्षकाने काय करावे?

प्रश्न : तापीकाठ (भुसावळ)

भुसावळमध्ये मी १५ ते १८ वर्षांच्या मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. गेल्या आठवड्यात सराव संपल्यावर जेक डॅनियल्सचा विषय निघाला. ब्लॅकपूलच्या या खेळाडूने मे २०२२ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. ब्रिटनमधील पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, खेळत असताना असे सांगणारा १९९० मधील जस्टिन फॅशनू यांच्यानंतरचा तो पहिलाच. मुले हसली, एकदोन शिव्याही झाल्या, पण एकाने न हसता विचारले, "सर, आपल्यात असा कोणी असला, तर तुम्ही त्याला खेळवाल का?" मी "जो चांगला खेळेल तो खेळेल" एवढे बोलून चेंडू गोळा करू लागलो. उत्तर खोटे नव्हते, तरी मी त्या मुलाकडे पाहिले नाही, हे मला रात्रभर छळत राहिले. मी काय म्हणायला हवे होते?

उत्तर : शिक्षक_धुळे

सर, आपण प्रश्न टाळलात हे मान्य केलेत, याबद्दल मला आपला आदर वाटतो. फॅशनू यांच्या आयुष्यात सर्वांत महाग पडले ते संघातल्याच माणसांचे वागणे. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना १० लाख पौंडांना घेतले. एवढी किंमत मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू होते. मात्र ते समलिंगींच्या क्लबमध्ये जातात हे कळल्यावर तिथले व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्यांना संघाबरोबर सराव करण्यास मनाई केली. १९९० मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले, तेव्हा स्वतः फुटबॉलपटू असलेल्या सख्ख्या भावानेही वर्तमानपत्रातून त्यांच्याकडे पाठ फिरवली; त्या भावाने पुढे पश्चात्ताप व्यक्त केला, परंतु १९९८ मध्ये फॅशनू यांनी आत्महत्या केली होती. प्रेक्षक ९० मिनिटे ओरडून घरी जातात. व्यवस्थापक, सहकारी आणि घरची माणसे मात्र रोज भेटतात, आणि खेळाडू गप्प राहतो तो बहुधा त्यांच्याच धाकाने.

म्हणूनच थॉमस हिट्झलस्पर्गर यांचे उदाहरण मला बोलके वाटते. जर्मनीकडून ५२ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या या माणसाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितले, ते निवृत्त झाल्यानंतर. ज्या खेळात एवढ्या उंचीवर पोहोचलेल्या माणसालाही कारकीर्द संपेपर्यंत थांबावेसे वाटते, त्या खेळाने त्याच्या मौनाचा दोष त्याच्या माथी मारू नये.

उत्तर : अमळनेरकर

माझे मत वेगळे आहे. मला कोणाचाही द्वेष नाही, पण खेळाडू घरी कसा राहतो हे जगाला सांगण्याची गरज काय? मैदानावर फक्त खेळ असावा.

उत्तर : शिक्षक_धुळे

भाऊ, गोल केल्यावर लग्नाच्या अंगठीचे चुंबन घेणारा किंवा मुलाला कडेवर घेऊन मैदानाला फेरी मारणारा खेळाडूही आपले घर मैदानावर आणतोच; ते आपल्याला खटकत नाही, उलट आपण टाळ्या वाजवतो. महिलांच्या फुटबॉलमध्ये अमेरिकेची मेगन रॅपिनो आपल्या स्त्री जोडीदाराविषयी मोकळेपणाने बोलत असे, आणि २०१९ च्या विश्वचषकात तीच सर्वोत्तम खेळाडू ठरली. पुरुषांच्या खेळात हे इतके अवघड झाले, कारण तिथे खेळण्याबरोबर मर्दानगीही सिद्ध करायची असते, अशी आपण समजूत करून घेतली आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात ७ युरोपीय संघांचे कर्णधार समलिंगींसह सर्वांना सामावून घ्या असे सांगणारी 'वन लव्ह'ची दंडपट्टी बांधणार होते. पिवळे कार्ड दाखवले जाईल असे फिफाकडून कळताच सर्वांनी माघार घेतली. ज्यांना आपण एवढे धाडसी मानतो, त्यांचीही ही गत झाली, तर एकट्या पोराने कोणाच्या भरवशावर बोलावे?

उत्तर : नाव नको (नंदुरबार जिल्हा)

मी समलिंगी आहे आणि वयाच्या १९ व्या वर्षापर्यंत बचावफळीत खेळत होतो. मला कोणीही मारले नाही, संघातून काढले नाही. फक्त कोणी पास चुकवला की "बायल्या" म्हणायचे, आणि प्रशिक्षकही तोच शब्द वापरायचे. तो शब्द माझ्यासाठी नसायचा, तरी प्रत्येक वेळी मी मनात मोजायचो की यांना कळले तर माझे काय होईल. शेवटी गुडघ्याचे कारण सांगून मी खेळणे सोडले. गुडघा ठणठणीत होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे म्हटले, तेव्हा मी एकटाच रडलो. पण आखाजीला घरी गेलो की अजूनही स्थळांचीच चर्चा होते, आणि आमच्या गावात एकाला सांगितलेले सात घरी पोहोचते. म्हणून सर, कोणत्याही मुलाने पुढे येऊन सांगावे, अशी अपेक्षा कृपया ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकाचा फुटबॉलपटू याकुब यांक्टो याने सांगितले, तेव्हा त्याच्या क्लबने जाहीरपणे पाठिंबा दिला आणि त्याच उन्हाळ्यात तो इटलीतल्या काल्यारी क्लबकडे खेळायला गेला. आमच्या पाठीशी असे कोणी नसते. तो शब्द मैदानावरून गेला असता, तर मी एवढ्यावरही खेळत राहिलो असतो.

प्रश्नकर्ता : तापीकाठ

आपले उत्तर मी दोनदा वाचले. तो शब्द मीही वापरतो, गेल्या मंगळवारीच गोलरक्षकाला उद्देशून वापरला होता. उद्या सराव सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर त्याची माफी मागणार आहे, आणि हा शब्द यापुढे या मैदानावर कोणीही वापरणार नाही, मीसुद्धा नाही, हे सांगणार आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही सर्वांनाच देईन, म्हणजे विचारणाऱ्यावर कोणाची नजर जाणार नाही : होय, खेळवीन, आणि त्याला कोणी त्रास दिला, तर त्रास देणारा बाहेर बसेल.