मदत हवी आहे: न्यूकॅसलचा कोळसा रशियन मुलांना कसा समजावू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यातून ऑनलाइन इंग्लिश शिकवते, सध्याच्या बॅचला चार रशियन आहेत आणि 'टू कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' वर गाडी अडलीय. म्हणजे जिथे आधीच ढीग आहे तिथे तीच वस्तू घेऊन जायची. न्यूकॅसल हे इंग्लंडमधलं टाइन नदीवरचं बंदर, शेकडो वर्षं तिथून जहाजं भरभरून कोळसा लंडनला जायचा, मग तिकडे कोळसा नेणारा येडाच ना. रशियनमध्ये याला मस्त जोड आहे, 'तूला शहरात स्वतःचा समोवार घेऊन जाणे' (तू दीर्घच वाचा, नाहीतर 'तुला' होईल 😄). तूला मॉस्कोच्या दक्षिणेला, समोवारसाठी (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं) प्रसिद्ध. एवढं सांगितल्यावर सगळे खूश.

घोळ पुढे झाला. एकाने वाक्य केलं की बॉसला रिपोर्ट पाठवणं म्हणजे न्यूकॅसलला कोळसा, कारण तो वाचतच नाही. मी म्हटलं अरे हे नुसतं वाया जाणारं काम, त्याला तुमच्याकडेच 'चाळणीने पाणी वाहणे' आहे की. तर म्हणतो फरक काय, दोन्ही फुकटच! आणि मला पटकन उत्तर सुचेना.

फरक लगेच कळेल अशी रोजच्या वापरातली दोन-तीन वाक्यं सुचवा ना. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी हेही सांगा, हे बोलताना खरंच ऐकू येतं का, की म्हाताऱ्यांपुरतं उरलंय? आणि मराठीत नेमकी म्हण कुठली? मला 'रत्नागिरीला हापूसची पेटी नेणे' एवढंच सुचलं, पण ते मीच बनवलेलं. उद्या संध्याकाळी क्लास आहे, त्याआधी प्लीज.