वखारीच्या धुरातून फॉर्मल्डिहाइड? आधी धूर तर दाखवा

उद्यमनगरकर
‘कोल्हापूरच्या वखारींतून धुरावाटे पैसा उडून जातो आहे, त्याचे फॉर्मल्डिहाइड (प्लायवूड-बोर्डाच्या गोंदात लागणारे रसायन) करून विका,’ हे काल येथे कोणी ठणकावून लिहिलेले वाचले आणि राहवले नाही. ज्या तंत्राचा दाखला दिला आहे, ते लाकडाचा क्राफ्ट पद्धतीने, म्हणजे सोडा आणि सल्फाइडच्या द्रावात शिजवून, कागदासाठी लगदा करणाऱ्या कारखान्यांचे आहे. तेथे लाकडाचे तंतू जोडून ठेवणाऱ्या लिग्निनमधील मिथॉक्सिल गटांवर सल्फाइडची क्रिया होऊन मिथाइल मरकॅप्टन हा दुर्गंधी, गंधकयुक्त वायू तयार होतो, सोबत मिथेनॉल (लाकडी अल्कोहोल) निघते, आणि दूषित पाण्यातून वाफेने काढलेले हे वायू एकाच नळात दाट स्वरूपात हाती येतात. व्हॅनेडियमयुक्त उत्प्रेरकावर या दोहोंचे फॉर्मल्डिहाइड होते. गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. आपल्या वखारीत करवत चालते. धुराडे आहे कुठे? प्लायवूडच्या ड्रायरमधून टर्पीन, म्हणजे लाकडातील वासाची उडून जाणारी द्रव्ये, निघतात खरी, पण इतक्या हवेत मिसळून, की ती वेगळी काढणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वखारवाला
करवतीबद्दल इतक्या तुच्छतेने बोलू नये. आमची तिसरी पिढी त्या भुशात वाढली आहे. १९२३ साली सुरू झालेल्या, म्हैसूर संस्थानातील भद्रावतीच्या लोखंड कारखान्यात लाकडापासून कोळशाबरोबर मिथेनॉल आणि डांबरही काढत असत. म्हैसूरला शंभर वर्षांपूर्वी जमले ते आम्हांला जमू नये, असे आपण कशावरून ठरवलेत?

उद्यमनगरकर
भद्रावतीचा मुद्दा मान्य, अभिनंदन. मात्र तेथे लाकूड बंद भट्टीत तापवून वाफा थंड करत. उघड्या छपराखाली उडणारा भुसा पकडत नव्हते.

राजारामपुरीची
आपण दोघेही जे तयार करायला निघालात, ते कोणाला हवे आहे, हे विचारले का? गेल्या वर्षी आम्ही पार्टिकल बोर्डाचे कपाट करून घेतले. उघडले की आईच्या डोळ्यांतून पाणी येई, आणि सुतार म्हणे, “ताई, नव्याचा वास आहे, जाईल.” आठ महिने गेला नाही. फॉर्मल्डिहाइडला २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवी कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे.

वखारवाला
ताई, तो दोष युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाचा. फिनॉलच्या गोंदाचे प्लायवूड त्या मानाने फारच कमी वायू सोडते. पण गिऱ्हाईक भाव ऐकते आणि स्वस्तातले उचलते. कपाट घेताना आपण गोंद विचारला होतात का?

राजारामपुरीची
म्हणजे आईच्या डोळ्यांचा दोषही गिऱ्हाइकाचाच! गोंद कोणता आहे, हे बोर्डावर ठळक छापायला कोणी अडवले होते?

उद्यमनगरकर
ताईंचे बरोबर आहे, हे मी नाइलाजाने लिहितो. लगद्याच्या कारखान्यात निघणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या आणखी एका गंधकयुक्त द्रव्यापासून डायमिथाइल सल्फॉक्साइड हे उपयुक्त द्रावक करतात, त्याबद्दल मी मुळात लिहिणार होतो. पण येथे आता कपाटाचीच चर्चा चालणार, असे दिसते.

वखारवाला
लिहा की! फक्त त्याला लागणारा दाट वायू आमच्या करवतीतून मागू नका.