अनुभव धागा: मुलांची राहून गेलेली लस

मंडळी, माझ्या लेकाला नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस अकराव्या महिन्यात मिळाली. आधी गणपती, मग त्याची सर्दी, मग पितृपक्ष. आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार, या धास्तीने मी आणखीच टाळत गेले. तसं काही नव्हतं. सिस्टरनी कार्ड पाहिलं, लस टोचली, अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत, ठरल्याप्रमाणेच, असं सांगितलं. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत असं कुणाकुणाचं झालं, ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

रामबागेतल्या आजी
माझ्या धाकट्या भावाला दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला. दारामागच्या खुंटीला त्याच्या पायाला आधार देणारं कॅलिपर टांगलेलं असे. दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जाड तळाचा बूट. पावसाळ्यात चामडं ओलं राहायचं, त्याची मांडी सोलवटून निघायची, आई रात्री खोबरेल लावायची. सरकारने मुलांचं नियमित लसीकरण हाती घेतलं ते १९७८ साली; तोवर तो मोठा झाला होता. पुढे पल्स पोलिओच्या रविवारी मी गल्लीतली पोरं गोळा करून बूथवर न्यायची. कुणाची आई झोपलेली असली तरी सोडलं नाही. २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा भावाला फोन लावला. दोघांनाही बराच वेळ बोलवेना.

सुदामा नगर, एक बाबा
आजी, वाचून गलबललो. आमची मुलगी ३४ व्या आठवड्यात झाली. घरातले सगळे म्हणाले, दीड महिना आधी आली, तर लसही दीड महिना उशिरा द्या. डॉक्टरांनी समजावलं की लसीचं वय जन्मतारखेपासूनच मोजायचं. सहाव्या आठवड्यात नेलं. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, उजव्या मांडीत न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकलची, उजव्या दंडाच्या कातडीत पोलिओची बारीक सुई, शिवाय तोंडाने पोलिओ आणि जुलाबांवरची रोटाव्हायरस. तिची मांडी माझ्या दोन बोटांएवढी होती. धरायचं कुठे, तेच कळेना. बायको म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा," पण मी थांबलो नाही. रात्री ताप आला, सांगितलेल्या मापाने पॅरासिटामॉल दिलं, सकाळी उतरला.

वडोदऱ्याहून बदली होऊन आलेली
आमचं ममता कार्ड, म्हणजे तिकडचं लसीकरणाचं कार्ड, गुजरातीत. इथल्या केंद्रात कुणाला वाचता येईना. मीच एकेक नोंद हिंदीत उतरवून दिली. बदलीची नोकरी असेल त्यांनी कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवाच.

विजय नगर
बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा, व्रण बाळाच्या दंडावर उठलाच नाही. सासूबाई परत टोचून घ्या म्हणत होत्या. डॉक्टर म्हणाले, गरज नाही.

एएनएम (नर्स), सरकारी केंद्र
सगळ्या ताईंना आणि दादांना कळकळीने सांगते. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. उशीर झाला तर उरलेले डोस पुढे चालू होतात, आधीचे वाया जात नाहीत. पण काही गोष्टींना मुदत आहे: कावीळ ब चा पहिला डोस जन्मापासून २४ तासांच्या आत, आणि आमच्याकडे बीसीजी पहिल्या वाढदिवसापर्यंतच. टोचल्यावर अर्धा तास बसून राहा. जागा चोळू नका, हळद-तेल लावू नका. बाळाला जवळ घेऊन पाजा, लवकर शांत होतं. दुसरं म्हणजे १० आणि १६ वर्षांचं टीडी. बाळपणाची कार्डं लोक सांभाळतात, हे मात्र बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. धनुर्वात आणि घटसर्प, दोन्हींसाठी आहे ते.

लोकमान्य नगर
सिस्टर, तुमचं वाचून उठलेच. मोठी अकरा पूर्ण झाली, टीडी राहिलंय. कपाटातल्या जुन्या साड्यांखाली कार्ड सापडलं, पाच वर्षांच्या बूस्टरपर्यंतच्या नोंदी आहेत, पुढचा रकाना कोरा. उद्या शाळा सुटल्यावर तिला घेऊन जाते, कार्डही सोबत आणते.