मदत हवी आहे: सोमवारी ड्यूटी सुरू, हात अजून बसलेला नाही

नवी_सिस्टर: कोर्सभर बहुतेक सगळं डमीवर झालं. वॉर्डात पोस्टिंग असायचं तेव्हा बीपी, टेम्परेचर आणि एका पेशंटभोवती घोळका करून उभं राहणं. आता कुणी म्हणालं "सिस्टर, आयव्ही लावा", म्हणजे शिरेत सलाइनची नळी घाला, तर काय करू? लवकर सांगा. "धीर धर" हे घरचे सांगताहेतच.

रातपाळी: वॉर्ड कुठला? लहान मुलं, आयसीयू, की जनरल? सोबत सीनियर आहे का? काहीच न सांगता काय सांगणार?

सुईधागा: वॉर्ड कुठलाही असो. शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोध. दाबून सोडल्यावर उसळून वर येते ती घे. कातडी खालच्या बाजूने ताणून धर, नाहीतर शीर सरकते. सुईमागच्या पारदर्शक चेंबरमध्ये रक्त दिसलं की नवीन मुली आनंदाने तिथेच सुई ओढतात. तसं नको. कोन कमी कर, किंचित पुढे जा, मग सुईवरची नुसती नळी सरकव. ओढलेली सुई नळीत परत घालायची नाही, नळी कापली जाते. मोठ्या माणसाला बहुधा निळी २२ किंवा गुलाबी २० नंबरची सुई पुरते.

जुनी_इन्चार्ज: शीर हुकली तर दुसरी शोधता येते. औषध चुकलं तर? घाबरायचं तर तिथे घाबर. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल डायल्यूट न करता थेट शिरेत कधीच नाही. फोनवर ऑर्डर आली तर लिहून घे आणि वाचून दाखव.

सुईधागा: ताई, तिने आयव्हीचं विचारलंय.

जुनी_इन्चार्ज: तिने "काय करू" विचारलंय.

बिनधास्त: आम्ही होस्टेलवर एकमेकींच्या हातावर शिकलो. मैत्रिणीला बसव समोर.

रातपाळी: अहो, असले सल्ले देऊ नका. शेजारी जाणतं कुणी नाही, सुया टाकायला डबा नाही. सुई टोचली तर कळवणार कुणाला?

विमानवाट: परदेशी जायचं असेल तर अनुभवाची सर्टिफिकेटं आतापासूनच जमव.

नवी_सिस्टर: परदेशाचं कुठे विचारलं! मेल मेडिकल वॉर्ड, सकाळपाळी. एक सीनियर असेल, पण तिलाही तिचे पेशंट असणार. सारखं विचारलं तर ओरडेल ना?

जुनी_इन्चार्ज: ओरडेल. तरी विचार. मला न विचारणाऱ्या मुलीची जास्त धास्ती वाटते. पहिल्याच दिवशी तिच्या हातात तीन रकान्यांचा कागद दे: पेशंटवर केलंय, डमीवर केलंय, नुसतं पाहिलंय. दोनदा शीर हुकली की तिसऱ्यांदा टोचू नको, हाक मार. डॉक्टरांना फोन करण्याआधी बीपी, पल्स, श्वास, ऑक्सिजन मोजलेलं असू दे, नाहीतर फोनवरच बोलणी खाशील.

बिनधास्त: कागद कोण वाचतंय सकाळच्या गडबडीत! आमच्याकडे हँडओव्हरचं रजिस्टरच कुणाला वाचता येत नाही, असली अक्षरं.

रातपाळी: अक्षरांसाठी वेगळा धागा काढा.

नवी_सिस्टर: कागद करते. रायल्स ट्यूब, नाकातून पोटात घालायची ती, कुठे लिहू? डमीवर घातलीय. पेशंटला घालताना मी डोकं धरून उभी होते.

जुनी_इन्चार्ज: डमीच्या रकान्यात. डोकं धरणं म्हणजे पाहणंच.

सुईधागा: आणि ट्यूब घातल्यावर नुसती हवा सोडून स्टेथोने ऐकलं म्हणजे झालं असं समजू नको. ट्यूबमधून ओढलेल्या पोटातल्या पाण्याचा पीएच (आम्लपणा) ५.५ किंवा त्याहून कमी हवा, नाहीतर एक्स-रे. तोवर काही सोडायचं नाही.

जुनी_इन्चार्ज: हे मात्र बरोबर बोललीस.