मोठ्या कंपनीतून आलेले साहेब बेल कर्व्ह आणि पीआयपी आणायचं म्हणतायत. ३८ जणांच्या कंपनीत काय करावं?

उद्यमनगर_कोड:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची ३८ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. चार टीम, त्यातल्या दोन अमेरिकेच्या क्लायंटसाठी. नवीन डिलिव्हरी हेड एका मोठ्या टेक कंपनीतून आलेत. कामात हुशार आहेत, त्यात वाद नाही. त्यांचा प्रस्ताव असा: बेल कर्व्ह, म्हणजे दरवर्षी प्रत्येक टीममधले तळाचे १०% ठरवायचे, त्यांना ३० दिवसांचा पीआयपी, म्हणजे काम सुधारण्याची लेखी मुदत, द्यायचा आणि नाही जमलं तर राजीनामा लिहून घ्यायचा. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टीममध्ये, काही बंद पडलं की कुणामुळे पडलं ते नावासकट कंपनीच्या ग्रुपवर टाकायचं. आणि रात्रीच्या क्लायंट कॉलला दोन्ही टीमनी पूर्ण हजर राहायचं.

आमच्याकडची निम्मी पोरं पुणे-बेंगळुरू सोडून आली आहेत ती याच गोष्टींना वैतागून. पण ढिलाई चालवायची असंही नाही. यातलं काय घ्यावं, काय टाकावं? कायदा काय म्हणतो? आणि वातावरण बिघडतंय हे राजीनामे यायच्या आधी कसं ओळखायचं?

रंकाळा_काठ:
आधी १०% चं गणित बघू, कारण प्रस्ताव तिथंच मोडतो.

समजा खरोखर कमी पडणारा माणूस दहात एक असतो. ८ जणांच्या टीममध्ये असा एकही माणूस नसण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ४३%. बरोबर एक असण्याची ३८%, दोन किंवा जास्त असण्याची १९%. म्हणजे दर टीममागे एक नाव द्यायचंच असा नियम केला, तर दहातल्या चार वेळा तुम्ही चांगलं काम करणाऱ्याचं नाव देणार. दहातल्या जवळपास दोन वेळा दुसरा कच्चा माणूस नियमाच्या आडून सुटणार. सगळी कंपनी एकत्र धरली तरी सुटका नाही: हिशोबाला सोपं म्हणून ३८ चे ४० धरले, तर ४० जणांत बरोबर ४ जण कमी पडणारे निघण्याची शक्यता जेमतेम २१% आहे. कोटा वस्तुस्थितीशी पाचात एकदाच जुळतो.

आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या भाषेत सांगायचं तर, दर हीटमधली, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतली, दहा टक्के कास्टिंग चांगली असोत की वाईट, भंगारात टाकायची असा नियम कुठला फौंड्रीवाला करेल? तो प्रत्येक नग तपासतो. एखाद्या दिवशी एकही रिजेक्शन नसतं, एखाद्या दिवशी अर्धी हीट जाते.

ही पद्धत गाजली ती जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांच्या काळात: वरचे २०, मधले ७०, खालचे १०. तिथून ती टेक कंपन्यांत पसरली. मायक्रोसॉफ्टने ती नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. तिथल्या इंजिनिअरांची जाहीर झालेली मोठी तक्रार अशी होती की चांगले लोक दुसऱ्या चांगल्या लोकांच्या टीममध्ये जायचं टाळतात. साहजिक आहे. तुलना शेजाऱ्याशीच असेल तर शेजारी कच्चा असलेला बरा. अडोबीने तर २०१२ मध्येच वार्षिक रेटिंग सोडून वर्षभर चालणाऱ्या चेक-इनची (छोट्या आढावा भेटींची) पद्धत घेतली.

छोट्या कंपनीत नुकसान जास्त होतं. मोठ्या कंपनीत तळाला गेलेला माणूस दुसऱ्या विभागात बदली मागू शकतो. तुमच्याकडे चार टीम, चौघं लीड रोज एकत्र चहा घेणार, बदली होणार कुठं? आणि नवीन शिकाऊ पोराला हात द्यायचं काम सगळ्यात आधी बंद पडेल, कारण ज्याला शिकवाल तोच उद्या तुमच्या वर जाईल. हे नुकसान कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. सहा महिन्यांनी दिसतं, एक माणूस आठवडाभर रजेवर गेला आणि त्याचं मॉड्यूल कुणालाच उघडता आलं नाही की.

पीआयपी मात्र फेकू नका, दुरुस्त करा. ३० दिवस म्हणजे दोन आठवड्यांचे दोन स्प्रिंट, म्हणजे कामाचे दोन टप्पे. पहिला आठवडा धक्क्यात आणि बायोडाटा नीट करण्यात जातो, मग उरलं काय? ६० दिवस द्या, चार स्प्रिंट मिळतात. पीआयपीच्या आधी किमान दोन वेळा लेखी फीडबॅक गेलेला असला पाहिजे. पीआयपीचं पत्र वाचून माणसाला आश्चर्य वाटलं तर चूक लीडची आहे. उद्दिष्टं तीनच, आणि मोजता येतील अशी. 'ओनरशिप दाखवा' हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे लीडच्या मर्जीवर राहतं. 'चार स्प्रिंटमध्ये घेतलेल्या १२ तिकिटांपैकी (नोंदवलेल्या कामांपैकी) १० ठरलेल्या तारखेला, रिव्ह्यूतून दोनपेक्षा जास्त वेळा परत न येता' हे होतं. दर आठवड्याला अर्धा तास बैठक, त्याच दिवशी दोन ओळींची नोंद, दोघांना मेल. आणि शेवटचा निर्णय त्या लीडने एकट्याने घ्यायचा नाही, दुसऱ्या टीमचा लीड सोबत बसवा. साहेबांना एक प्रश्न जरूर विचारा: पीआयपीतून पास होऊन किती जण टिकावेत अशी अपेक्षा आहे? उत्तर 'फारसे नाही' असेल तर ती सुधारणेची योजना नव्हेच. नोटीस पिरियड आहे, मग तो सरळ नोटीस म्हणूनच द्यावा.

ताराबाई_पार्क_वकील:
'राजीनामा लिहून घ्यायचा' हे शब्द प्रस्तावातून आजच काढा. दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असा दावा कर्मचारी करू शकतो. तो सिद्ध झाला तर ती कामावरून काढल्याची कारवाई ठरते. मग नोटीस, भरपाई काहीच न दिल्यामुळे कंपनी अडचणीत येते, परत कामावर घेण्यापर्यंत आणि मागचा पगार देण्यापर्यंत. 'आत्ता सही करा, नाहीतर रिलिव्हिंग लेटर मिळणार नाही' असा एक मेसेज पुराव्याला पुरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. तुमच्या कामाच्या गोष्टी एवढ्या:

औद्योगिक संबंध संहितेतला 'कामगार' पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतो. तांत्रिक काम करणारा त्यात येतो. व्यवस्थापकीय काम करणारा येत नाही, आणि महिना १८,००० रुपयांच्या वर पगार असलेला पर्यवेक्षकही येत नाही. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला कार्डावर 'मॅनेजर' छापून दिलं म्हणून तो कायद्याबाहेर जात नाही. कामगाराची एक वर्ष सलग सेवा झाली असेल तर त्याला कामावरून कमी करण्यासाठी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई.

२० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती सक्तीची आहे. जास्तीत जास्त दहा सदस्य, मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी, अध्यक्षपद आलटून पालटून. तक्रार एक वर्षाच्या आत करता येते, समितीने ३० दिवसांत कामकाज पूर्ण करायचं. तुम्ही ३८ जण आहात, म्हणजे बहुतेक बसताच. बहुतेक छोट्या आयटी कंपन्या इथं 'आमच्याकडे एचआर आहे' म्हणतात. एचआर ही समिती नव्हे.

पगाराचा हिशोब: वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढणं, शेवटचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. ही तरतूद मॅनेजर लोकांनाही लागू आहे. ४५ दिवसांनी एफएनएफ (शेवटचा पूर्ण हिशोब) करायची जुनी सवय सोडा.

दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पण लक्षात घ्या, ही समिती आरडाओरडा, अपमान, रात्री-बेरात्री फोन या तक्रारींसाठी नाही. त्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून कंपनीचं स्वतःचं लेखी धोरण लागतं.

वाद झालाच तर पहिली पायरी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळे वरच्या टप्प्यावर मुंबईच्या खेपा वाचल्या, पण सुरुवात तिथून होत नाही.

शिरोली_नाका:
ग्रुपवर नाव टाकायच्या मुद्द्यावर लिहितो, कारण तो सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात जास्त महागात पडतो.

वर रंकाळाभाऊंनी फौंड्री काढलीच आहे. कास्टिंगला ब्लो होल (आत अडकलेल्या हवेचं भोक) आला की जाणता सुपरवायझर आधी वाळूतली ओल बघतो, मग धातूचं तापमान, मग हवा निघायच्या वाटा. ओतणाऱ्याला चारचौघांत शिव्या घातल्या तर पुढच्या वेळी तो खराब नग बाजूच्या ढिगात सरकवून ठेवतो, आणि तो सापडतो थेट गिऱ्हाइकाच्या मशीनवर. सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं. नाव जाहीर व्हायला लागलं की लोक लॉग (सिस्टीमच्या नोंदी) पुसतात, छोटा बिघाड गपचूप रिस्टार्ट करून दडपतात, शुक्रवारी काहीच डिप्लॉय करत नाहीत, म्हणजे नवा कोड चढवत नाहीत.

गूगलच्या साइट रिलायबिलिटी टीमनी (सिस्टीम चालू ठेवणाऱ्या टीमनी) रूढ केलेली पद्धत घ्या: दोष न लावणारा पोस्टमॉर्टम. बिघाड मिटल्यावर ४८ तासांच्या आत दोन पानं. किती वाजता सुरू झालं, कधी कळलं, कुणाला फटका बसला, काय काय करून बघितलं, कशाने थांबलं. माणसाच्या नावाऐवजी 'ऑन-कॉल इंजिनिअर' (त्या पाळीला बिघाड सांभाळणारा) असं लिहायचं. 'निष्काळजीपणा' हा शब्द कारण म्हणून लिहायला बंदी. त्याच्या जागी लिहायचं की चुकीची कमांड चालली, कारण टेस्ट आणि प्रॉडक्शनचा टर्मिनल सारखाच दिसतो. मग उपाय सापडतो: प्रॉडक्शनचा रंग लाल करा, डिलीटला दुसऱ्याची मंजुरी लावा. प्रत्येक उपायाला एक माणूस आणि एक तारीख. हे शेवटचं राहिलं तर सगळा खटाटोप कागदावर राहतो.

आता रात्रीचे कॉल. न्यूयॉर्कला सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. कॅलिफोर्नियाला सकाळचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. पूर्व किनाऱ्याचा क्लायंट असेल तर त्यांच्या पहिल्या तासात कॉल बसवायचा आग्रह धरा, तुमचा अख्खा रात्रीचा प्रश्न मिटतो. पश्चिमेचा असेल तर दोघंच जण, आठवड्याची पाळी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सुरुवात दुपारी बाराला. बाकीच्यांना कॉलची लेखी नोंद पुरते. दहा जण म्यूटवर बसून कुणाचं भलं होतं?

ऑन-कॉलसाठी गूगलच्या त्याच लोकांचा हिशोब आहे: एका जागेवरच्या टीमला २४ तास सांभाळायचं तर किमान आठ जण, आणि १२ तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत. तुमच्याकडे एका सिस्टीमसाठी आठ नसतील. मग क्लायंटला २४ तासांचा शब्दच देऊ नका. करारात 'रात्री ११ ते सकाळी ७ फक्त पूर्ण बंद पडल्यास' असं लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी छळ सुरू होतो तो या ओळीपासून: विक्री करणाऱ्याने शब्द दिला, माणसं मोजलीच नाहीत, आणि मग मधला मॅनेजर ओरडायला लागला.

बिंदू_चौक_७२:
तिघांनीही चांगलं लिहिलंय. एक बाजू राहिली. कोटा नको म्हणताना उलट्या टोकाला जाऊ नका. कंपनीत एखादा फार हुशार, पण लोकांना तोडून बोलणारा असतो, आणि 'तो गेला तर प्रोजेक्ट बुडेल' म्हणून सगळे गप्प बसतात. उबरमध्ये हेच झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुझन फाउलर या इंजिनिअरने जाहीर लिहिलं की छळाची तक्रार केल्यावर एचआरने समोरचा 'हाय परफॉर्मर' असल्याचं कारण दिलं. चौकशी बसली, बरेच जण काढले गेले, आणि जूनमध्ये सहसंस्थापक ट्रॅव्हिस कलानिक यांना सीईओपद सोडावं लागलं. चौकशी अहवालाने कंपनीची लिहिलेली मूल्यंच बदलायला सांगितली, कारण आक्रमकपणाला त्यांचाच आधार मिळत होता. म्हणून तुमच्या बढतीच्या फॉर्ममध्ये एक अट टाका: ज्याच्या हाताखालून वर्षात दोन चांगली माणसं त्याच्या वागण्यामुळे गेली, त्याची बढती थांबणार, काम कितीही मोठं असो.

ओळखायचं कसं, तर माझ्या मते सगळ्यात भरवशाचं माप एकच: वाईट बातमी किती दिवसांनी वर येते. काम अडलं ती तारीख आणि लीडला कळलं ती तारीख, दोन्ही तिकिटात लिहायला लावा. हे अंतर दोन दिवसांवरून सहावर गेलं की लोक घाबरायला लागलेत. बाकीची चिन्हं याच्या मागून येतात: अंदाज फुगवून सांगणं, रिट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढाव्यात) फक्त लीडचा आवाज, लीडचे वन-ऑन-वन (दोघांच्याच भेटी) सारखे रद्द होणं, एकाच टीममध्ये सोमवारच्या आजारपणाच्या रजा.

निनावी सर्व्हे घेणार असाल तर जपून. ९ जणांच्या टीमचा निकाल टीमप्रमाणे दाखवला आणि वय, महिला-पुरुष, अनुभव विचारला, तर कुणी काय लिहिलं ते पाच मिनिटांत कळतं. कोल्हापुरात तर वाक्याच्या ढंगावरूनच ओळखतील. पाचपेक्षा कमी उत्तरांचा गट दाखवायचा नाही, मोकळ्या उत्तरांचा मजकूर लीडला द्यायचा नाही, सारांश द्यायचा. त्याहून बरं म्हणजे मालकाने स्वतः महिन्याला चार जणांना भेटायचं, लीड नसताना. वर्षात सगळे जण एकदा येतात आणि वर काही जागा उरतात, त्या तक्रार असलेल्यांसाठी. 'कसं चाललंय' विचारलं की 'बरं चाललंय' एवढंच उत्तर येतं. विचारायचं: गेल्या महिन्यात कुठली गोष्ट तुम्हाला माहीत होती पण मीटिंगमध्ये बोलला नाहीत?

उद्यमनगर_कोड:
लय उपकार झाले सगळ्यांचे. आठ जणांचं ४३% चं गणित सोमवारी साहेबांसमोर ठेवतो. वकीलताई, एकच विचारायचंय, कर्मचाऱ्याने स्वतःकडे पुरावा ठेवायचा म्हटलं तर किती चालतं? धोरणात ते स्पष्ट लिहायचं आहे.

ताराबाई_पार्क_वकील:
स्वतःची डायरी चालते: तारीख, वेळ, बोललेले नेमके शब्द, समोर कोण होतं. त्याच दिवशी लिहिलेली असली की वजन येतं. स्वतःला आलेलं मूल्यमापन, पीआयपीचं पत्र, पगाराच्या स्लिपा यांची प्रत ठेवू द्या, तसं धोरणात लिहाच. क्लायंटच्या फाइली, कोड, दुसऱ्याचा पगार हे खासगी मेलवर पाठवलं तर मूळ तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयतेचा भंग पुढे येतो. तेही त्याच परिच्छेदात लिहा, आणि मराठीत लिहा, म्हणजे सही करणाऱ्याला सही कशावर केली ते कळेल.